गाणी झक्कास, कॉल मात्र विहिरीतून

"मामा, हेडसेट फसवा निघाला बघा."

हिंदवाडीतल्या भाचीचा फोन. पुण्याच्या एका कंपनीचं बिलिंगचं काम ती घरी बसून करते, डेस्कटॉपवर. "गाणी एकदम झक्कास वाजतात. मीटिंग लागली की समोरचा विहिरीत बसून बोलतोय असं वाटतं. परत करून टाकू का?"

"मीटिंग संपली की काय होतं?"

"परत झक्कास."

"मग ठेव की. हेडसेट चांगला आहे."

तिला पटलं नाही. हेडसेट तोच, कान तेच, कॉम्प्युटर तोच, मग आवाज दोन तऱ्हांचा कसा? टिळकवाडीत मी बरीच वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवला, त्यामुळे असे फोन अजून येतात. बिनवायरच्या हेडसेटचं गाऱ्हाणं आलं की मी पहिल्यांदा एवढंच विचारतो: कधी? कॉल लागल्यावर, खुर्चीवरून उठल्यावर, लाईट जाऊन आल्यावर, की दिवसभर? काय होतंय म्हणाल तर सगळे एकच सांगतात, 'आवाज नीट येईना'. ताप सकाळी चढतो की रात्री हे कळलं की डॉक्टर पुढचं ओळखतो, तसं इथं 'कधी'वरून कारणाचा माग लागतो.

त्याही आधी पाच मिनिटांची एक परीक्षा. तोच हेडसेट मोबाईलला जोडा, एक गाणं ऐका, मग कुणाला तरी फोन लावा. तिथंही खरखर, तुटकपणा असेल तर दोष हेडसेटचा, दुकानाची वाट धरा. मोबाईलवर ठीक आणि डेस्कटॉपवरच रडत असेल, तर अजून खिशात हात घालू नका.

आता भाचीचं दुखणं. मला येणाऱ्या फोनांत हेच सगळ्यात जास्त असतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कॉम्प्युटरपासून ब्लूटूथ हेडसेटपर्यंत आवाज न्यायला दोन वेगवेगळे रस्ते आहेत. पहिला गाण्याचा. त्याचं तांत्रिक नाव ए-टू-डी-पी, विंडोजमध्ये तो 'स्टिरिओ' म्हणून दिसतो. दुसरा बोलण्याचा, एच-एफ-पी, म्हणजे 'हँड्स-फ्री'. पहिला रस्ता निपाणीहून बेळगावकडे येणाऱ्या हायवेच्या एका बाजूसारखा आहे: रुंद, सुसाट, पण एकाच दिशेचा. कॉम्प्युटरकडून कानाकडे. तुमच्या माईकचा आवाज उलट दिशेने न्यायची सोय त्यात नाहीच. दुसरा रस्ता चोर्ला घाट. गोव्याकडे जाणारे आणि तिकडून येणारे, दोघांनी त्याच अरुंद वळणांवरून सांभाळून जायचं.

गाणी ऐकताना तुम्ही हायवेवर असता. मीटिंगच्या प्रोग्रामने हेडसेटचा माईक उघडला की परतीची वाहतूक सुरू होते, आणि विंडोज सगळ्याच गाड्या घाटात वळवतं. समोरच्याचं बोलणं घाटातून, मागे लावलेलं गाणंही घाटातून. माईक बंद झाला की काही क्षणांत सगळं परत हायवेवर. म्हणून 'मीटिंग संपली की झक्कास'.

घाट किती अरुंद आहे ते आकड्यांत बघा. हायवेवर अगदी साध्या, सगळ्या हेडसेटना येणाऱ्या एसबीसी पद्धतीनेही सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिटपर्यंत माल जातो. घाटात जातो ६४ किलोबिट, तोही मोनो, म्हणजे दोन्ही कानांत तेच. त्यातल्या जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात. नमुन्यांचा नियम असा की जितके नमुने, त्याच्या निम्म्या कंपनांपर्यंतचाच आवाज हाती लागतो. म्हणजे ४,००० हर्ट्झच्या, सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या, वरचं सगळं गळून गेलं. आपल्या 'स'चा सणसणीत भाग नेमका त्या वरच्या पट्टीत असतो. तो गेला की 'साठ'चं 'आठ' ऐकू येतं, आणि बिलिंगच्या कामात ते परवडणारं नाही. २०११ मध्ये हँड्स-फ्रीची सुधारलेली आवृत्ती आली, तिच्यात १६,००० नमुन्यांची सोय झाली. बोलणं बरंच स्वच्छ झालं, पण रस्ता घाटाचाच राहिला. शिवाय ही सोय हेडसेट आणि कॉम्प्युटर दोघांकडे असावी लागते. एकाकडे नसली की दोघंही जुन्या ८,००० वर उतरतात.

असला दरिद्री रस्ता ठेवलाच का, असं भाचीने विचारलं. तो मुळात मोबाईलवरच्या बोलण्यासाठी आणि गाडीतल्या हँड्स-फ्रीसाठी बांधला. तेव्हा फोनचा आवाजच तेवढ्या पट्टीचा होता, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही. आता आपण त्याच कानाने क्षणापूर्वी तबला ऐकलेला असतो, म्हणून फरक टोचतो.

इथं 'कोडेक' हा शब्द कानावर पडेल, तो समजून घ्या. आपल्याकडचा मांडा आठवा. एवढी मोठी, कागदासारखी पातळ पोळी घडी घालूनच ताटात येते. कोडेक म्हणजे आवाजाची घडी घालायची रीत. पाठवणारा घडी घालतो, घेणारा उलगडतो, आणि दोघांना तीच रीत ठाऊक असावी लागते. घडी सुबक असेल तर कमी जागेत जास्त मावतं, धसमुसळी असेल तर तुकडे होतात. एसबीसी ही एक घडी, एलसी-थ्री ही तिच्यापेक्षा सुबक.

एलसी-थ्री आली ती एलई ऑडिओ नावाच्या नव्या व्यवस्थेबरोबर, २०२० मध्ये. तिच्यात हायवे आणि घाट हा भेद उरत नाही, एकच बरा रस्ता दोन्ही दिशांना चालतो. विंडोज ११ मध्ये तिची सोय झाली आहे आणि २४एच२ या आवृत्तीपासून माईक चालू असतानाही स्टिरिओ मिळू शकतो. पण त्यासाठी हेडसेट, कॉम्प्युटरचा ब्लूटूथ आणि त्याचा ड्रायव्हर (म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्राम), तिघांनाही एलई ऑडिओ यावा लागतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'ब्लूटूथ ५.३' छापलंय म्हणून तो असेलच असं नाही. तो शब्द वेगळा छापलेला शोधा.

ज्यांच्याकडे नाही त्यांनी काय करायचं? मी भाचीला जे सांगितलं तेच. हेडसेट फक्त ऐकायला ठेव, बोलायला दुसरा माईक घे. तिच्या मॉनिटरवर वेबकॅम होताच, त्यात माईक असतो. मीटिंगच्या प्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये 'स्पीकर' म्हणून हेडसेट निवडायचा आणि 'मायक्रोफोन' म्हणून वेबकॅम. हेडसेटचा माईक उघडलाच नाही तर विंडोजला घाटात वळायचं कारणच उरत नाही. विंडोज १० मध्ये एकाच हेडसेटची दोन नावं यादीत दिसतात, तिथं 'स्टिरिओ' लिहिलेलं घ्या. विंडोज ११ मध्ये दोन्हींचं एकच नाव केलंय. दिसायला सोपं, पण आत रस्ते दोनच, त्यामुळे आपण कुठल्या रस्त्याला आहोत हे आता डोळ्यांना कळत नाही. मला विचाराल तर जुनं बरं होतं.

मीटिंग नसतानाही आवाज विहिरीतलाच येत असेल, तर कुठला तरी प्रोग्राम माईक धरून बसलाय. गेम असेल, नाहीतर ब्राउझरची विसरलेली एखादी टॅब. विंडोज ११ मध्ये खाली घड्याळाजवळ माईकचं बारकं चित्र दिसतं, त्यावर माऊस नेला की कोण वापरतंय ते कळतं. त्याला बंद करा. काही जण जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन हेडसेटच्या सर्व्हिसेसमधली 'हँड्स-फ्री टेलिफोनी'ची खूणच काढून टाकतात. म्हणजे घाटाचं तोंडच बुजवायचं. चालतं, पण मग त्या हेडसेटचा माईक तुमच्यासाठी मेला हे ध्यानात ठेवा. पुढच्या दिवाळीला घरातलं दुसरं कुणी 'माईकच चालेना' म्हणून डोकं धरून बसेल.

यूएसबीच्या बारक्या खुंटीसकट, म्हणजे डोंगलसकट, येणारे हेडसेट मात्र या घाटातून सुटतात. त्यातले बरेच ब्लूटूथ वापरतच नाहीत. खुंटी आणि हेडसेट आपापसात स्वतःच्या भाषेत बोलतात, कॉम्प्युटरला ते यूएसबीचं साधं साऊंड कार्ड वाटतं. दिवसभर मीटिंगा असणाऱ्याने घेताना असलाच घ्यावा असं माझं मत.

वेबकॅमच्या माईकवर भाचीचं काम भागलं. चौथ्या दिवशी परत फोन. "मामा, आता आवाज तुटायला लागलाय."

"कधी?"

ती आता शहाणी झाली होती. "दोन वेळा. एक, मी उठून स्वयंपाकघराकडे गेले की. आणि दुसरं म्हणजे, हार्ड डिस्क लावून फाइली कॉपी करताना. तेव्हा तर खुर्चीत बसूनही."

हे दुखणं वेगळं. इथं कोडेक-बिडेक बघायचं नाही, हा हवेतला मामला आहे. ब्लूटूथ चालतो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. या पट्ट्याला परवाना लागत नाही, म्हणून सगळेच तिथं घुसतात: जुना वायफाय, बिनवायरचा माऊस-कीबोर्ड, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनची गळती पण तिथंच. गणपतीच्या आधीच्या रविवारी गणपत गल्लीतून चालायचं म्हणजे काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. ब्लूटूथ त्या गर्दीतून वाट कशी काढतो, तर उड्या मारत. आपल्या नेहमीच्या ब्लूटूथने पट्ट्याचे ७९ बारीक भाग पाडलेत आणि सेकंदाला १,६०० वेळा तो एका भागातून दुसऱ्यात उडी घेतो. कुठल्या भागात गर्दी आहे हे ओळखून तो भाग टाळायची अक्कल त्याला २००३ पासून आहे. पण २.४ वर चालणारा एक वायफाय त्यातले वीसेक भाग अडवतो. आपला एक, शेजारचा एक, वरच्या मजल्यावरचा एक, की उडी मारायला मोकळी जागा राहते कुठं?

म्हणून आवाज तुटत असेल तर पहिलं काम हेडसेटवर नाही, वायफायवर करा. राउटर ५ गिगाहर्ट्झ देत असेल तर डेस्कटॉप त्यावर घ्या. त्याहून बरं म्हणजे डेस्कटॉपला सरळ केबल लावा. जागचा न हलणारा कॉम्प्युटर, त्याला वायफाय हवाच कशाला?

हार्ड डिस्कचं काय, हे मात्र बऱ्याच जणांना चमत्कारिक वाटतं. वायरने जोडलेली डिस्क बिनवायरच्या हेडसेटला कशी नडेल? नडते. यूएसबी ३.० ची वायर आणि तिचं तोंड, डेटा धावत असताना रेडिओचा गोंगाट बाहेर टाकतात, आणि तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही पडतो. इंटेलने २०१२ मध्ये मोजमापं घेऊन हे लिहून ठेवलंय. डिस्क नुसती लावून ठेवली तर फारसं जाणवत नाही, कॉपी चालू झाली की सुरू. डोंगलवाल्यांनी इथं कान द्यावा. खुंटी निळ्या, म्हणजे ३.० च्या तोंडात, आणि शेजारच्याच तोंडात डिस्क, ही सगळ्यात वाईट मांडणी. खुंटी काळ्या, म्हणजे २.० च्या तोंडात लावा. त्याहून चांगलं, यूएसबीची मीटर-दीड मीटरची एक्स्टेन्शन वायर घेऊन खुंटी टेबलावर आणून ठेवा. कॅबिनेट पत्र्याचं, ते टेबलाखाली, त्याची पाठ भिंतीला, आणि खुंटी त्या पाठीमागे! मग आवाज पोचणार कसा? ती वायर स्वस्तात येते आणि तिच्या जोरावर मी आजवर बऱ्याच जणांकडून चहा प्यायलोय.

भाचीच्या हेडसेटला खुंटी नव्हती, ब्लूटूथ मदरबोर्डमध्येच होता. तेव्हा म्हटलं, रविवारी येतो. बाकीची दुखणी तोवर भराभर उरकतो.

अजिबात आवाज नाही, पण हेडसेट 'कनेक्टेड' दिसतो? डेस्कटॉपवर बहुतेक वेळा आवाज मॉनिटरकडे गेलेला असतो. एचडीएमआयच्या वायरीतून आवाजही जातो, त्यामुळे स्पीकर नसलेला मॉनिटरही विंडोजच्या यादीत स्पीकर म्हणून मिरवतो. घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चित्रातून यादी उघडा आणि हेडसेट निवडा. आपल्याला ऐकू येतं पण आपण बोललेलं पलीकडे पोचत नाही, तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली मायक्रोफोन उघडा आणि प्रोग्रामना परवानगी आहे का बघा. हेडसेटवरच म्यूटचं बटण असतं, त्यालाही विसरू नका. मी स्वतः एकदा अर्धा तास त्यापायी घालवलाय.

कॉल लागला की मागचं गाणं एकदम बारीक होतं, हा बिघाडच नाही. कॉल आहे असं दिसलं की बाकीचे आवाज ८० टक्के कमी करायचे, हे विंडोजनेच ठरवून ठेवलंय. जुन्या साऊंडच्या खिडकीत 'कम्युनिकेशन्स' म्हणून टॅब आहे, तिथं 'डू नथिंग' करा.

ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात, हा घडी घालण्या-उलगडण्याचा वेळ. साध्या ब्लूटूथवर शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. व्हिडिओचे प्रोग्राम बहुधा तेवढं चित्र मागे ठेवून जुळवून घेतात, गेमला ते जमत नाही. गेम खेळणाऱ्या पोरांनी डोंगलवाला नाहीतर वायरचा घ्यावा, उगाच सेटिंग्ज उलट्यापालट्या करू नयेत.

लाईट जाऊन आल्यावर हेडसेट जोडलाच जात नाही, हे आपल्याकडचं पावसाळी दुखणं. जून-जुलैत धो-धो लागला की लाईट दिवसातून दोनदा हजेरी लावून जाते. डेस्कटॉप बंद पडला, हेडसेटने खिशातला मोबाईल धरला, आता डेस्कटॉप परत उठला तरी त्याला कोण विचारतो? मोबाईलचा ब्लूटूथ बंद करा आणि हेडसेट एकदा बंद करून चालू करा. तरी नाही जमलं तर विंडोजमधून हेडसेट काढून टाका, मग त्याचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा आणि नव्याने जोडा. काढताना मोबाईलवरूनही काढा, नाहीतर जोडायच्या आतच मोबाईल परत पळवून नेतो. कॉम्प्युटर झोपून उठल्यावरच हे होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथच्या पॉवर मॅनेजमेंटची टॅब शोधा. वीज वाचवायला हे उपकरण बंद करायची मुभा तिथं दिलेली असते, ती खूण काढा.

कुणी मदरबोर्डमध्ये ब्लूटूथ असताना वर ब्लूटूथची खुंटीही लावतात. विंडोजला एका वेळी एकच झेपतो. एक डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिसेबल करा. आणि ड्रायव्हर हवा असेल तर मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर आपलं मॉडेल शोधून घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणाऱ्या फुकट प्रोग्रामांनी कॉम्प्युटर बरे झालेले मी पाहिले नाहीत.

या सगळ्यात एक पथ्य पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तपासा. चार बदल एकदम केले आणि आवाज आला, तर कशाने आला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी परत चारही करावे लागतात.

रविवारी हिंदवाडीत गेलो. कॅबिनेट टेबलाखालून पुढे ओढलं, टॉर्च मारला. पाठीला, नेटच्या केबलच्या शेजारी, दोन सोनेरी आट्यांची टोकं उघडी. ज्या मदरबोर्डात वायफाय-ब्लूटूथ असतो त्यावर तिथं अँटेना पिळायच्या असतात. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याने त्या लावल्याच नव्हत्या. ब्लूटूथही त्याच अँटेनांवर चालतो, आणि नसल्या तरी अगदी मरत नाही. दोन-तीन हात जेमतेम पोचतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. भाचीच्या खुर्चीपर्यंत तो कसाबसा येत होता. तेवढ्यात डिस्कने गोंगाट केला की तो बुडायचा, आणि ती उठून भिंतीआड गेली की संपायचा. मध्ये नुसतं तिचं अंग आलं तरी फरक पडत असणार, कारण अंगातलं पाणी या लहरी शोषून घेतं.

"आक्का, कॉम्प्युटरबरोबर आलेला रिकामा खोका कुठाय गं?"

"रिकामा कुठला? त्यात दिवाळीच्या लाईटच्या माळा आहेत. माळ्यावर."

स्टूल आणलं, खोका उतरवला, माळा बाजूला केल्या. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत दोन काळ्या अँटेना, पिशवी अजून चिकटपट्टीनं बंद. हाताने पिळल्या, एक उभी, एक आडवी केली. भाचीने डिस्क लावून कॉपी सुरू केली, गाणं लावलं आणि हेडसेट घालून स्वयंपाकघरात गेली. तिथून परसात. मग परसातूनच ओरडून विचारलं, "मामा, चहात साखर किती?"

हेडसेट कानावर असताना माणूस किती मोठ्याने बोलतो, यावर मात्र माझ्याकडे इलाज नाही.